आठ आया, एक हात

गाव सोडलं त्या सकाळी आईनं माझी वेणी नेहमीपेक्षा घट्ट घातली. इतकी घट्ट, की डोळे ओढले गेले आणि मला रडू येतंय की केस ताणले जातायत, हे माझं मलाच कळेना. आई पडवीत बाजेवर बसली होती आणि मी खाली, तिच्या गुडघ्यांमध्ये. समोर वडील तांदळाच्या पिशवीचं तोंड सुतळीनं शिवत होते. "एकटीला एवढे तांदूळ कशाला?" असं मी दोनदा म्हटलं. त्यांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं आणि सुतळीला आणखी एक गाठ मारली. पेठहून नाशिकला जाणारी एसटी फाट्यावर यायला अजून वेळ होता.

वेणी झाल्यावर आईनं माझी ओढणी उजव्या खांद्यावरून ओढत पार कोपराच्या खाली आणली. स्वतःच्या बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि ओढणी कुर्त्याला टाचली. आमच्याकडच्या बायकांच्या बांगडीत अशा दोनतीन पिना कायम लटकलेल्या असतात. कधी पदराला लागतात, कधी काटा काढायला. आईच्या पिना मात्र माझ्यासाठी असायच्या.

"वारं लय हाय," ती म्हणाली. "पिन काढू नको."

वारं अजिबात नव्हतं. समोरच्या मोहाच्या झाडाचं पानही हलत नव्हतं. पण मी पिन तशीच ठेवून एसटीत बसले.

हे मी तुमच्यासाठी लिहितेय, जे गावात राहिलात आणि मला "किटली" म्हणून ओळखत होतात. आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही, कारण शहरात आल्यावर आपलं नेमकं काय झालं हे आपण घरी नीट सांगतच नाही. फोनवर आपण फक्त जेवलो का ते सांगतो.

किटली हे नाव हातावरून पडलं. माझा उजवा हात जन्मापासून असा आहे. खांद्याच्या वर जात नाही. कोपर बाहेर निघालेलं असतं आणि तळवा वर वळत नाही. बोटं मात्र शाबूत आहेत. ती पेन धरतात, कीबोर्डवर धावतात आणि चिमटा तर फारच झकास काढतात, हे शाळेतल्या निम्म्या पोरांना माहीत आहे. ती पोरं कमरेवर हात ठेवून, कोपर बाहेर काढून माझ्यामागून चालायची. पुढे मी, मागे किटल्यांची रांग. मीही काही गरीब गाय नव्हते. हाताला येईल त्याला बदडून काढायचे, डाव्या हातानं. पण तेव्हापासून एक सवय लागली. कोणी माझ्यासारखा हात केला, की माझ्या कानशिलात एकदम गरम व्हायचं.

आता आईचं सांगते, कारण ही गोष्ट खरं म्हणजे तिची आहे.

मी पोटात असताना ग्रहण लागलं होतं. ग्रहणात पोटुशा बाईनं घरात बसायचं, विळा-सुरी हातात धरायची नाही, नाहीतर पोराच्या अंगाला बाधा होते, हे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतं. आईलाही ठाऊक होतं. पण गोठ्यात बैल उपाशी होते, वडील गावाला गेले होते, म्हणून ती बांधावर गेली आणि विळ्यानं चार पेंढ्या गवत कापून आणलं. पुढे मी जन्मले ती अशा हातानं. गावात तिला तोंडावर कोणी काही बोललं नाही. बोलायची गरजच पडली नाही, कारण तिनं स्वतःच स्वतःला बोलून घेतलं. लहानपणी माझ्या खांद्याला तेल चोळताना ती दर वेळी तेच म्हणायची, "माझ्या हातून झालं गं." मला वाटायचं, तेल लावताना म्हणायचं ते एक वाक्यच असतं. सगळ्यांच्या आया म्हणत असतील.

आठवीत असताना तालुक्याच्या डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं. बाळ अंगानं मोठं होतं, बाहेर येताना खांदा अडकला आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या. सुईण आजीनं त्या वेळी ओढलं नसतं, तर ना मी उरले असते ना आई. मी धावत घरी येऊन हे सगळं आईला सांगितलं. मला वाटलं होतं, ती खूश होईल. तिनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि विचारलं, "त्यो डाक्टर व्हता का तवा बांधावर?"

त्यानंतर मी किती तऱ्हेनं सांगून पाहिलं. पुस्तकातलं चित्र दाखवलं, मास्तरांना घरी बोलावलं. आई मान डोलवायची, चहा ठेवायची आणि मनातल्या मनात तो विळा तसाच धरून बसायची. मी शिकले, नोकरी मिळवली, घर सोडलं. पण माझ्या आईला उगीचच गुन्हेगार होऊन बसावं लागलंय, एवढं एक काही मला बदलता येईना.

नाशिकला इंदिरानगरमध्ये एका काकूंच्या घराच्या वरच्या मजल्यावर रूम मिळाली. नोकरी एका कर सल्लागाराच्या ऑफिसात होती, कॉम्प्युटरवर बिलं भरायची. कामाला मी चांगली होते, अजूनही आहे. पण इथे आल्यावर एक विचित्र गोष्ट कळली. गावात माझा हात सगळ्यांना माहीत होता, त्यामुळे तो कोणाला दिसत नव्हता. नाशिकला तो कोणाला माहीत नव्हता, त्यामुळे सगळ्यांना दिसायला लागला. शेअर रिक्षात बसले, की शेजारची बाई विचारायची, "फ्रॅक्चर का?" मी "हो" म्हणायचे. कोणी विचारलं, पॅरालिसिस का, तरी "हो" म्हणायचे. एकदा एका आजोबांनी कुत्रा चावला का म्हणून विचारलं, त्यालाही "हो" म्हटलं. कोण समजावत बसणार? मग ओढणी आणखी खाली आणि पिन दोन. ऑफिसात मी भिंतीकडेची खुर्ची धरली, उजवा हात भिंतीला. हॉटेलात, रिक्षात, लग्नात, सगळीकडे माझी जागा उजवीकडच्या टोकाची.

आणि केस. वेणी आईनंच घातलेली, आयुष्यभर. तिनं शेवटची घातलेली वेणी मी जमेल तेवढे दिवस सोडलीच नाही, वरूनच तेल लावत राहिले. शेवटी डोकं इतकं खाजायला लागलं, की सोडावी लागली, आणि सोडल्यावर परत घालता येईना. डावा हात मागे जातो, उजवा जातच नाही. पार्लरमध्ये जाऊन मानेपर्यंत केस कापून टाकले. दिवाळीला घरी गेले तेव्हा आई दारातच थांबली आणि माझ्या मानेकडे बघत राहिली. मला म्हणाली, "बरं दिसतंय." मग गोठ्यात गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही. तिच्या गुन्ह्यांत आणखी एकाची भर पडली होती.

अशी दोन वर्षं गेली. मग संक्रांत झाली आणि घरमालकीण काकूंनी हळदीकुंकू ठेवलं.

मला अशा ठिकाणी जायची हौस नाही. तिळगूळ उजव्या हातानंच घ्यायचा, आणि माझा तळवा वर होत नाही. लहानपणी डावा हात पुढे केला, की कोणीतरी हटकायचंच, "उजव्या हातानं घे." मग मी एक युक्ती शोधून काढली होती. हात वळत नसेल तर अंगच वळवायचं. सगळी डावीकडे झुकायचे, कोपर हवेत काढायचे, म्हणजे तळवा अर्धामुर्धा वर व्हायचा. त्या दिवशीही तसंच केलं. काकूंनी लाडू ठेवला, मी बोटांनी पटकन आवळला आणि हात ओढणीखाली घेतला.

काकू पुढे सरकल्या. माझ्यापासून दोन जणी सोडून एक बाई बसल्या होत्या, अंगावर मोरपंखी साडी, वय चाळिशीचं. काकूंनी त्यांच्यापुढे लाडू धरला. आणि त्या बाई अख्ख्या डावीकडे झुकल्या, कोपर हवेत काढलं आणि तळवा अर्धामुर्धा वर केला.

माझ्या कानशिलात गरम झालं. एवढी मोठी बाई, चांगल्या घरची दिसते, आणि भर हळदीकुंकवात माझी किटली करते? मी आजूबाजूला पाहिलंही नाही. "लाज नाही वाटत?" मी ओरडले. "नक्कल करायची एवढी हौस आहे का तुम्हाला?"

काकूंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या ओढणीकडे, दोन पिनांकडे. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजवर कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. रस्त्यात हरवलेलं आपलं माणूस अचानक समोर यावं, तसं त्या बघत होत्या.

"नक्कल?" त्या म्हणाल्या. "अगं, मी तुझ्यापेक्षा मोठी आहे. अस्सल मी. नक्कल तू."

या शैलाताई. तिथून दोन गल्ल्या सोडून राहतात, शाळेत गणित शिकवतात. त्यांनी मला हाताला धरून काकूंच्या स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि काचेच्या कपाटासमोर मला आपल्या शेजारी उभं केलं. पदर बाजूला केला. मी पिना काढल्या. काचेत दोन उजवे हात दिसत होते, एकाच कोनात वाकलेले. दोन्ही तळवे मागे बघत होते. माझं वय सव्वीस होतं. सव्वीस वर्षांत मला दोन पायांची, चार पायांची, सगळी जनावरं आणि माणसं दिसली होती, पण असा दुसरा हात मी कधी पाहिला नव्हता. जगात तो एकच आहे आणि तो माझ्या आईच्या विळ्यामुळे झाला, असंच कुठेतरी मीही धरून चालले होते. मी त्यांच्या कोपराला बोट लावून पाहिलं. खरंच होतं ते. मग मला इतकं रडू आलं, की हातातल्या लाडवाचा चुरा झाला.

बाहेर काकूंना वाटलं आमची मारामारी चाललीय. त्यांनी दार वाजवलं.

शैलाताईंकडे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मंडळी जमायची. कोणी शाळेत भेटलेलं, कोणी दवाखान्यात, कोणी असंच रस्त्यात हात बघून गाठलेलं. व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव होतं "कोपरखळी". मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला धरून आठ जण होतो. दारात चपला काढताना मला आत सगळ्यांच्या पाठी दिसल्या, आणि मी तिथेच उभी राहिले. एक खांदा वर, एक खाली, पाठीचं एक पातं बाहेर आलेलं. स्वतःची पाठ कोणाला दिसते? माझी मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली, आणि सांगू का, मी समजत होते तशी ती वाईट नव्हती. साधी माणसाची पाठ होती, जरा कललेली.

बसण्यावरून मात्र भांडण झालं. ज्यांचा उजवा हात अधू, त्या सगळ्यांना उजवीकडची भिंत हवी. ज्यांचा डावा, त्यांना डावीकडची. आम्ही उजव्या पाच जणी एकाच कोपऱ्याकडे धावलो आणि एकमेकींवर आदळलो. शैलाताई म्हणाल्या, "इथे कशाला भिंत हवी गं? इथे कोणापासून लपवणार?" तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि खोलीच्या मधोमध बसलो. मला बराच वेळ उघड्यावर बसल्यासारखं वाटत होतं.

आणि मग चहा आला. चहा घेताना आठही माणसं झुकली, कोणी डावीकडे, कोणी उजवीकडे. मी कप तसाच धरून बघत राहिले. कोणी कोणाला शिकवलं होतं हे? पेठ तालुक्यातल्या पडवीत बसून मी एकटीनं शोधून काढलेली युक्ती, शैलाताईंनी इंदिरानगरात शोधली होती आणि दिंडोरीच्या एका पोरीनं तिच्या घरी. आम्ही कोणी कोणाला ओळखत नव्हतो. तरी सगळ्यांनी तेच केलं होतं. देवळात गेल्यावरही मला इतकं भारावल्यासारखं कधी झालं नाही.

अशोकदादा ओझरला कारखान्यात नोकरीला आहेत. त्यांचा डावा हात. नवीन माणूस आलं, की त्यांचा एकच प्रश्न असायचा. तो त्यांनी मलाही विचारला, "हां, सांग. तुझ्या आईनं काय केलं होतं?"

मला कळेना. मग बाकीच्यांनीच सांगायला सुरुवात केली. शैलाताईंची आई नवव्या महिन्यात माळ्यावर चढली होती. दिंडोरीवालीच्या आईनं पपई खाल्ली होती. एकाच्या आईनं तिठ्यावरचा उतारा ओलांडला होता, एकीची सासूशी भांडली होती, एकाची एकाच कुशीवर झोपायची. एकीच्या आईनं दुपारी झोप काढली होती, तेवढाच तिचा अपराध. अशोकदादांची आई वीटभट्टीवर कामाला होती, डोक्यावरून विटा वाहायची. आणि माझ्या आईनं ग्रहणात गवत कापलं होतं. आठ आया, आठ गुन्हे, आणि हात सगळ्यांचा एकच.

आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता अशोकदादा मात्र थांबले. "माझी आई जाताना पण तेच बोलत होती," ते म्हणाले. "हाच हात हातात घेऊन बसायची. म्हणायची, बाळा, माफ कर. मी म्हणायचो, सोड ना आई, टेन्शन नको घेऊ. पण तिला पटेल असं काही माझ्याकडं नव्हतंच. तेव्हा मला तुमच्यापैकी कोणीच भेटलं नव्हतं."

घरी परत येताना माझ्या डोक्यात तेवढंच एक फिरत होतं. माझी आई अजून आहे.

फोनवर सांगितलं, तर नेहमीसारखंच झालं. "आई, इथं माझ्यासारखे सात जण आहेत." ती म्हणाली, "देवा रं." मग जरा वेळानं, "जेवलीस का?" मग वर्षभर मी म्हणत राहिले, ये एकदा नाशिकला, सगळ्यांना भेट. ती म्हणाली, भाताची कापणी आहे. कापणी झाली, तर म्हणाली झोडणी आहे. झोडणी झाल्यावर म्हणाली, वडिलांना भाकरी कोण करील? शेवटी खरं बोलली. "त्या लोकांच्या म्होरं मला कशाला उभं करतीस? ते इचारतील, आई असून तू असं कसं केलं म्हणून."

मी तिला काही समजावत बसले नाही. एव्हाना शैलाताईंनी मला वेणी शिकवली होती. आमच्या दोघींचा मेळ बसायला बरेच दिवस लागले, कारण मी चिडून कंगवा फेकायचे. त्या म्हणायच्या, "हात डोक्यापर्यंत जात नाही ना? मग डोकं हाताकडे आण." टेबलावर कोपर टेकायचं, मान खाली घालायची, केस सगळे पुढे एका खांद्यावर घ्यायचे आणि तिथेच पेड घालायचे. इतकं सोपं होतं. पुन्हा वाढवलेल्या केसांची पहिली वेणी पडली ती उजव्या कानामागून वाकडीतिकडी, शेपूट एकीकडे आणि रिबीन एकीकडे. तिचा फोटो मी आईला पाठवला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "येते मी," म्हणाली. "येणी कशी घातलीस ती मला बघायची हाय."

ती आली ती नागलीच्या पापडांची मोठी पिशवी घेऊन. थंडीचे दिवस होते. शैलाताईंच्या घरात ती उंबऱ्याजवळच भिंतीला टेकून बसली, खुर्ची काही घेईना. एकेक जण येऊ लागला. आत येणाऱ्या प्रत्येकाचा ती आधी हात बघायची, मग चेहरा. तिच्या ओठांची हालचाल चालली होती, मनातल्या मनात मोजत असावी. असा हात तिनंही जन्मात एकच पाहिला होता ना. अशोकदादा "जय भीम, काकू" म्हणून समोर बसले, तेव्हा ती त्यांच्या डाव्या हाताकडे एकटक बघत राहिली.

चहा व्हायच्या आतच तिनं बोलायला सुरुवात केली. कोणी विचारलं नव्हतं. पोलीस ठाण्यात जबानी द्यावी तशी ती ताठ बसली आणि म्हणाली, "मी सांगून टाकते. मी गिराणात इळा धरला व्हता. बैलांना गवत नव्हतं. पण धरला व्हता."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. शैलाताईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग त्या म्हणाल्या, "माझी आई माळ्यावर चढली होती, काकू." दिंडोरीवाली म्हणाली, "माझ्या आईनं पपई खाल्ली." एकामागून एक सगळ्यांनी आपापल्या आईचा गुन्हा सांगितला. आई प्रत्येकाकडे मान वळवून ऐकत होती. दुपारी झोपलेल्या आईचं ऐकून तिच्या कपाळाला आठी पडली. शेवटी अशोकदादांनी विटांचं सांगितलं.

आई एकदम उसळलीच. "आरं, विटा उचलल्यानं पोराचा हात जातो व्हय?" ती म्हणाली. "पोट हाय, उचलावंच लागतं. त्या माउलीचं काय चुकलं त्यात? कोण म्हणलं तिला तसं?"

"तीच म्हणायची, काकू."

"मग येडी व्हती ती!"

अशोकदादा तिच्याकडे बघून हसले, अगदी हळू. "आणि काकू," ते म्हणाले, "बैलांना गवत तर लागतंच ना?"

आई आपल्या हातांकडे बघायला लागली. तळवे वर करून, मग उलटे करून. ते हात काय काय करतात ते मला माहीत आहे. कित्येक वर्षं त्यांनी माझा खांदा चोळलाय आणि केस विंचरलेत. मी जिला पुस्तकं दाखवली, मास्तर आणून दाखवले, तिला एका अनोळखी माणसाच्या मेलेल्या आईची बाजू घेता घेता स्वतःचं उमगलं होतं. आयुष्यात फार थोड्या गोष्टी अशा डोळ्यांदेखत घडतात.

तिनं पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर ती अशोकदादांना म्हणाली, "तुझ्या आईला कोणी सांगितलं नाय का रं?"

"नाही काकू. कोणी नव्हतं."

"मी असते तर सांगितलं असतं," आई म्हणाली. मग पदरानं डोळे पुसले आणि पापड तळायला उठली. शैलाताईंच्या स्वयंपाकघरात कढई कुठे असते हे तिला ठाऊक नव्हतं, तरी कोणाला विचारलं नाही.

संध्याकाळी मी तिला पेठ नाक्यावर सोडायला गेले. रस्ताभर ती माझ्या वेणीला नावं ठेवत होती. पेड ढिले आहेत, भांग वाकडा आहे, शेपूट उंदराचं आहे. पण सोडून परत घालून देते, असं मात्र म्हणाली नाही. मी तिला विचारलं, आता बरं वाटतंय का? ती म्हणाली, "कशाचं?" तशी ती सरळ उत्तर देणारी बाई नाहीच.

पूर्वी मला कोणी विचारलं, घर कुठे, की मी पेठकडचं गाव सांगायचे. नंतर नंतर इंदिरानगर सांगायला लागले. हल्ली मला वाटतं, जिथे भिंतीकडेची जागा शोधावी लागत नाही ते घर. अशी घरं मला आता दोन आहेत, एक गावचं आणि एक शैलाताईंकडचं. त्यातलं दुसरं मिळेपर्यंत पहिलंही मला पुरतं मिळालेलं नव्हतं, हे त्या संध्याकाळी कळलं.

एसटी लागली. आई पायरीवर चढता चढता थांबली, मागे वळली आणि माझी ओढणी धरली. मला वाटलं, खाली ओढून नीट करणार, नेहमीसारखी. तिनं खांद्यावरची पिन काढली. मग खालची दुसरी काढली. दोन्ही पिना आपल्या बांगडीत अडकवल्या आणि ओढणी माझ्या गळ्याभोवती मागे टाकून दिली. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत उघडा पडला.

"उकाडा लय हाय तुमच्या नाशकात," ती म्हणाली.

नाक्यावर लोक स्वेटर घालून, कानाला मफलर बांधून उभे होते.

एसटी सुटली. तिला खिडकीची जागा मिळाली होती. मी उजवा हात वर केला, जेवढा जातो तेवढाच, कोपर बाहेर काढून. आईनंही खिडकीतून हात केला. तिचा हात पुरा वर जातो. पण तिनं तो माझ्याएवढाच वर केला, कोपर तसंच बाहेर काढून, आणि एसटी वळेपर्यंत तसाच धरून ठेवला.